सूर्यास्तापूर्वीची पोटभर कोशिंबीर

हॉटेलात ‘ग्रीन सॅलड’ मागवले की बशीत कांदा, गाजर, मुळा, बीट, काकडी आणि टोमॅटो असे सहा जिन्नस येतात. ‘जैन’ असे सांगून मागवले, तर त्यांतील चार वगळले जातात आणि काकडी-टोमॅटोच्या आठ-दहा चकत्या उरतात. बिलातून मात्र काहीही वगळले जात नाही. या अनुभवातूनच अनेक जैन घरांत असा समज रुजला असावा, की सॅलड हा आपला पदार्थ नव्हे. ती ताटाच्या कडेची शोभा, खाल्ली तरी चालेल, न खाल्ली तरी चालेल.

घरच्या स्वयंपाकघरात पाहिले तर चित्र अगदी उलट आहे. भिजवलेली मूगडाळ, चोचवलेली काकडी, दाण्याचे कूट, ओले खोबरे, लिंबू आणि वरून चुरचुरीत फोडणी एवढे एकत्र आले की जे तयार होते, ते कोणत्याही परदेशी वाडग्याच्या तोडीचे जेवण असते. आपण त्याला कोशिंबीर म्हणतो आणि चमचाभर वाढतो. चूक पदार्थात नाही, मापात आहे. हीच कोशिंबीर चमच्याऐवजी वाडग्याने वाढली, तर व्यापारी कुटुंबातील एक जुनी अडचण बऱ्याच अंशी सुटू शकते. ती अडचण म्हणजे संध्याकाळचे जेवण.

रात्रीभोजनाचा त्याग पाळणाऱ्या घरात संध्याकाळ ही घड्याळाशी चाललेली शर्यत असते. पुण्यात डिसेंबरच्या सुरुवातीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेरीस सव्वासातच्या सुमारास. दुकानातील गिऱ्हाइकी मात्र नेमकी याच वेळी रंगात येते. मालक गल्ला सोडून घरी येऊ शकत नाही. आला तर अर्ध्या तासात परत फिरायचे असते. मग पाच-पावणेसहाला दुकानातच खाखरा, शेव, चिवडा, गाठी असे जे हाताशी असेल ते पोटात ढकलले जाते आणि वर पाणी पिऊन चौविहार घेतला जातो. व्रत पाळले जाते, पण शरीराला काय मिळाले याचा हिशेब कोणी मांडत नाही. शेवेतही बेसनच असते, म्हणजे डाळच असते, हे खरे. परंतु त्या डाळीबरोबर तेल आणि मीठ किती जाते, हे पाहिले म्हणजे तो सौदा महागात पडतो. दिवसभर गादीवर किंवा काउंटरमागे बसून असणाऱ्या, चाळिशीपुढच्या व्यापाऱ्याच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या तक्रारी याच वेळापत्रकातून वाढत जातात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मे महिन्यात भारतीयांसाठी आहारविषयक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत २००० किलोकॅलरीच्या दैनिक आहाराचा जो नमुना दिला आहे, त्यात भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम आणि दाणे व तेलबिया ३५ ग्रॅम आहेत. आपल्या घरातील एखाद्या दिवसाचा आढावा घेऊन पाहावा. पोळी-भात भरपूर निघेल, तूप-तेलही निघेल. भाजीचे ४०० ग्रॅम क्वचितच निघतील. चातुर्मासात तर नाहीच. ही तूट एकाच वेळी भरून काढण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे संध्याकाळचा वाडगा.

कंदमूळ वर्ज्य असले की उरते काय, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. उरणाऱ्यांची यादी लांब आहे: काकडी, टोमॅटो, सिमला मिरची, दुधी, लाल भोपळा, घेवडा, मका, कैरी, डाळिंब, ओला नारळ, ओले हरभरे, तुरीचे दाणे, मटार. शेंगदाणा जमिनीत वाढतो, तरी तो कंद नसून बी आहे, म्हणून तो बहुतेक सर्व घरांत चालतो. कोबी, टोमॅटो यांबाबत घराघराचे नियम निराळे आहेत आणि ते तसेच राहू द्यावेत. खरा विचार करावा लागतो तो दोन ठिकाणी.

पहिले ठिकाण मोड आलेल्या कडधान्यांचे. आरोग्यविषयक प्रत्येक लेखात मोडांची स्तुती असते. आपल्या परंपरेत अंकुरित धान्य अनंतकाय मानले गेले आहे आणि अनेक कुटुंबे ते वर्ज्य करतात. अशांनी खंत करण्याचे कारण नाही. मुगाची दुभंगलेली डाळ भिजवली तरी तिला मोड येत नाही, आणि प्रथिने तिच्यात मुगाइतकीच असतात. म्हणूनच आपल्याकडच्या कोशिंबिरींत मूगडाळीला मान आहे. सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यातील दिगंबर जैन कुटुंबांना शेजारच्या कन्नड घरांतील ‘कोसंबरी’ परिचित आहे. तीही भिजवलेली मूगडाळ आणि काकडी यांचीच. नावातले साम्य सहज कानावर येते.

दुसरे ठिकाण द्विदलाचे, आणि येथे नवशिक्यांची गफलत हमखास होते. न तापवलेले दही, ताक किंवा दूध आणि डाळ-कडधान्य यांचा संयोग झाला की त्यात सूक्ष्म जीवांची उत्पत्ती होते, असे शास्त्रकार मानतात. म्हणून मूगडाळीच्या कोशिंबिरीत दही पडता कामा नये. उकडलेले हरभरे, ओले मटार, तुरीचे दाणे, इतकेच काय मेथीसुद्धा या नियमात येते. उलटपक्षी, ज्या बीमधून तेल निघते ते द्विदलात मोडत नाही, अशी व्याख्या आहे. त्यामुळे दाण्याचे कूट दह्यात निर्धास्त घालता येते. मका द्विदल नाही, ज्वारीही नाही. एवढे ध्यानात ठेवले की कोशिंबिरींचे आपोआप दोन वर्ग पडतात: डाळीच्या, ज्यांना आंबटपणा लिंबू, कैरी किंवा आमसुलाचा, आणि दह्याच्या, ज्यांत डाळीचा कणही नाही. स्वयंपाकघरात नव्याने आलेल्या सुनेला हे एका वाक्यात सांगता येते, पण सांगण्याचे राहून जाते आणि मग वर्षभर तिची प्रत्येक कोशिंबीर कोणीतरी तपासत बसते.

भिजवण्याची वेळ हाही एक मुद्दा आहे. पाककृतींच्या पुस्तकांत ‘रात्री भिजत घाला’ असे बिनदिक्कत लिहिलेले असते. अनेक जैन घरांत रात्रभर पाण्यात राहिलेले धान्य वासी मानतात. यावर उपाय अवघड नाही. मूगडाळीला दीड ते दोन तास पुरतात. दुपारी तीनला भिजवली तरी पाचला ती तयार असते. काबुली हरभऱ्याला वेळ लागतो. तो नवकारशीनंतर धुऊन, उकळते पाणी ओतून, झाकण घालून ठेवावा. दुपारपर्यंत तो चांगला फुगतो आणि मग कुकरमध्ये मऊ शिजवून घेता येतो. चिरलेली भाजी आणि भिजलेली डाळ ज्या दिवसाची त्याच दिवशी संपवावी, हा नियम उष्ण हवामानात आरोग्याच्या दृष्टीनेही शहाणपणाचाच आहे.

आता प्रत्यक्ष वाडग्याकडे वळू. चार माणसांच्या जेवणाला २०० ग्रॅम मूगडाळ घ्यावी. भिजून निथळल्यावर ती वजनाने जवळपास दुप्पट होते. ज्यांना कच्ची डाळ जड जाते, त्यांच्यासाठी ती चाळणीत पाच-सहा मिनिटे वाफवावी; दाणा अख्खा राहिला पाहिजे, वरणासारखा फुटता कामा नये. मध्यम आकाराच्या चार काकड्या सोलून, प्रत्येकीचा तुकडा आधी चाखून पाहावा आणि मगच चोचवाव्यात. काकडी चोचवण्याची हातोटी हल्ली मागे पडत चालली आहे. किसलेल्या काकडीचे पाणी होते, जाड चिरलेली डाळीत मिसळत नाही; चोचवलेली मात्र डाळीच्या दाण्याशी जुळून येते आणि दाताखाली कुरकुरते. हातात काकडी उभी धरून सुरीने आडवे-उभे वार करत जायचे आणि वरचा थर कापत यायचे. चार दिवसांत हात बसतो. त्यात बिया काढलेले तीन टोमॅटो आणि दोन सिमला मिरच्या बारीक चिरून, एका डाळिंबाचे दाणे, अर्धी वाटी ओले खोबरे आणि ८० ग्रॅम भाजलेल्या दाण्यांचे जाडसर कूट घालावे. कूट पिठासारखे बारीक करू नये. दाण्याचे तुकडे दिसले पाहिजेत. चैत्र-वैशाखात एक कैरी किसून घालावी, एरवी दोन लिंबांचा रस.

फोडणी दोन चमचे तेलाची: मोहरी, जिरे, हिंग, हिरवी मिरची, कढीपत्ता. आले चालत नसेल तर चिमूटभर सुंठ पुरते. फोडणी केवळ चवीसाठी नसते. टोमॅटो आणि रंगीत भाज्यांतील काही पोषक द्रव्ये स्निग्धांशाशिवाय अंगी लागत नाहीत. ‘डाएट’ म्हणून तेलाचा थेंबही न घालणारे हा लाभ गमावतात. लिंबाचेही तसेच. डाळीतील लोह शरीरात शोषले जाण्यास ‘क’ जीवनसत्त्वाची मदत होते, म्हणून लिंबू पिळायचे ते शेवटी आणि ताजे.

मीठ सर्वांत शेवटी, वाढतेवेळी. ‘सॅलड’ हा शब्दच मुळी लॅटिनमधील मीठ या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे, ही गमतीची गोष्ट. पण मीठ आधी घातले की काकडी पाणी सोडते, डाळ पांचट होते आणि दाणे नरम पडतात. मग चव सुधारण्यासाठी आणखी मीठ घातले जाते. दिवसभरात एकूण ५ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ पोटात जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. लोणचे, पापड आणि खाखरा ज्या घरात रोजचे आहेत, तेथे कोशिंबिरीला मिठाची उधळपट्टी परवडणारी नाही.

या वाडग्याचा हिशेब मांडला तर प्रत्येकाच्या वाट्याला कोरडी ५० ग्रॅम डाळ येते, म्हणजे सुमारे १२ ग्रॅम प्रथिने; २० ग्रॅम दाण्यांतून आणखी ५. एकूण १७ ग्रॅमच्या आसपास. ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम आणि ५५ किलो वजनाच्या स्त्रीला ४६ ग्रॅम प्रथिने लागतात, असे आपल्याकडील प्रमाण आहे. दिवसाच्या गरजेचा सुमारे तिसरा हिस्सा एका वाडग्यात जमा होतो. भाज्या माणशी अडीचशे ग्रॅमच्या आगेमागे येतात. तंतुमय भाग भरपूर असल्याने चावून खावे लागते, पोट भरल्याची जाणीव टिकते आणि साखर झपाट्याने चढत नाही. सोबत एखादी ज्वारीची भाकरी किंवा फुलका घेतला की सकाळपर्यंत भुकेची आठवण होत नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र संध्याकाळच्या जेवणात असा बदल करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. डाळ आणि दाणे यांचे प्रमाण सर्वांना सारखे मानवत नाही.

दह्याच्या वर्गातील कोशिंबिरी दुपारच्या जेवणाला अधिक शोभतात. लाल भोपळा वाफवून, कुस्करून, त्यात दही, दाण्याचे कूट आणि तुपातील जिऱ्याची फोडणी घातलेले भरीत पोटाला चांगला आधार देते. दुधीचेही असेच करता येते. मात्र चिरताना दुधीचा कण जिभेवर ठेवून पाहावा आणि कडू लागला तर संपूर्ण दुधी टाकून द्यावा. तो कडवटपणा क्युकरबिटासिन नावाच्या विषारी द्रव्याचा असतो आणि शिजवल्याने तो जात नाही. उकडलेले मक्याचे दाणे, काकडी आणि दही यांत वाढतेवेळी मूठभर ज्वारीच्या लाह्या मिसळल्या तर मुले दुसऱ्यांदा मागून घेतात. शाकाहारी माणसाला बी-१२ जीवनसत्त्व निसर्गतः दूधदुभत्यातूनच मिळते, हे लक्षात घेता दह्याला दिवसाच्या जेवणात जागा असायलाच हवी.

थंडीत बाजार हिरव्या दाण्यांनी भरतो. तुरीचे दाणे, सोललेले हरभरे आणि मटार वाफवून, त्यात टोमॅटो, तिळाचे कूट आणि लिंबू घालावे. तीळ व सुकामेवा यांचे काही परंपरांत ऋतुमानानुसार निर्बंध आहेत, तेव्हा घरातील ज्येष्ठांचा शब्द अखेरचा.

अष्टमी-चतुर्दशीला, जेव्हा हिरवे वर्ज्य असते, तेव्हा कोशिंबीर बंद करण्याची गरज नसते. शिजवलेला काबुली हरभरा, भाजलेले दाणे, थोडे फुटाणे, आमचूर, जिरेपूड, सैंधव, तेलात मोहरी-जिरे-हिंगाची फोडणी आणि सुक्या मिरचीचा तुकडा. कोथिंबीर नाही, लिंबू नाही, कढीपत्ता नाही. तरी पदार्थ कोरडा वाटत नाही, कारण हरभरा शिजवलेले थोडे पाणी राखून ठेवून त्यात आमचूर कालवता येतो. दोन आमसुले त्या पाण्यात भिजवली तर आमचुराचीही गरज नाही. उपवासाच्या पारण्याला मात्र हा पदार्थ नको. रिकाम्या पोटाला हरभरा जड पडतो. त्या दिवशी मुगाचे पाणीच बरे.

बाजारात मिळणाऱ्या तयार ड्रेसिंगच्या बाटल्यांचा मोह तरुण पिढीला होतो. त्यांत अंडे, लसणाची पूड, व्हिनेगर, मध यांपैकी काही ना काही असण्याचा संभव असतो. बाटलीवरचा बारीक मजकूर कर्जाच्या करारातील अटींसारखा असतो. सही करण्यापूर्वी वाचायचा. दाणे, लिंबू, हिरवी मिरची आणि थोडा गूळ पाण्यात वाटून जे दाट आंबटगोड मिश्रण होते, ते त्या बाटलीपेक्षा ताजे असते आणि त्यात काय आहे हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असते.

या सगळ्यात एक गोष्ट बोलली जात नाही. संध्याकाळच्या कोशिंबिरीचा भार कोणावर? सकाळचा नाश्ता, दुपारचे डबे आणि पुन्हा साडेचारला चिराचिरी, असे झाले तर गृहिणी आठवड्याभरात कंटाळेल आणि फरसाणाचा डबा परत बाहेर येईल. दुकान सांभाळणारी पुरुष मंडळी सकाळी निघण्यापूर्वी दाणे भाजून सोलून ठेवू शकतात. डाळिंब सोलण्याचे काम आजोबा-नातवंडांना आवडते. कूट चार-पाच दिवसांचे एकदम करून बरणीत ठेवता येते. एवढी वाटणी झाली, की संध्याकाळी उरते ते वीस मिनिटांचे काम.

दुकानात डबा पाठवायचा असल्यास निथळलेली डाळ तळाशी, तिच्यावर सिमला मिरची आणि काकडी, टोमॅटो सर्वांत वर अशी रचना करावी. फोडणी पूर्ण निवल्यावरच घालावी, अन्यथा वाफ धरून भाजी मलूल होते. कूट एका पुडीत, मीठ दुसऱ्या पुडीत आणि लिंबाची फोड अख्खी. सूर्यास्ताला पाऊण तास असताना डबा उघडायचा, पुड्या सोडायच्या, कालवायचे आणि गल्ल्यापासून थोडे दूर बसून सावकाश चावत खायचे. तेवढी पंधरा मिनिटे गिऱ्हाईक मुलाने किंवा मुनिमाने पाहावे.